ग्रहणात काकडी चिरली, आता बाळाचं काय?

"मॅडम, आता काही करता येईल का?" बसायच्या आधीच तिने विचारलं. सातवा महिना चालू होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

7 सप्टेंबर 2025, भाद्रपद पौर्णिमेचं खग्रास चंद्रग्रहण. घरात दुपारपासून वेध पाळलेले. रात्री अकराच्या सुमारास तिला भोवळ येऊ लागली, म्हणून तिने काकडी चिरून मीठ लावून खाल्ली. सासूबाईंनी विळी पाहिली. "बाळाचा ओठ फाटला म्हणजे?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून तिने विळीला हात लावला नव्हता. सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र इतक्यांदा उघडला होता, की त्याच्या घड्या विरत आल्या होत्या.

दर ग्रहणानंतर ही भीती घेऊन कुणी ना कुणी येतंच. गर्भाचा वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. तो न जुळण्यामागे आनुवंशिकता असू शकते, तंबाखू असू शकते, फिट्सवरची काही औषधंही. (ती मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.) चंद्रावर पृथ्वीची सावली पडली म्हणून जुळलेला ओठ उसवत नाही. हिच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत ओठ नीट दिसला होता. उलट त्या दिवशी उपाशी राहणंच तिच्यासाठी वाईट होतं.

तिला सगळं पटलं, तरी डोळ्यांचं पाणी खळेना. "उद्या काही कमी-जास्त झालं, तर सगळे माझ्याकडेच बघणार." मला संताप येतो तो याचा. मुलात काही उणं निघालं की बोट आईकडे. बापाने त्या रात्री काय चिरलं, कुणी विचारत नाही.

पुढच्या वेळी सासूबाईंना सोबत बोलावलं. हे कुठून कळलं, एवढंच विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.

"आमच्या जाऊबाईंचा थोरला ओठ फाटलेलाच जन्मला. ग्रहणात भोपळा चिरला होता म्हणे त्यांनी. बारसं केलंच नाही. बाळ्या बाळ्या म्हणत तसाच वाढवला."

कागदावर मी ओठाच्या दोन्ही बाजू काढल्या, कितव्या आठवड्यात जुळतात तेही लिहिलं. "ग्रहण लागलं तेव्हा जाऊबाईंना कितवा महिना होता?"

त्यांनी बोटं मोजली. "आठवा." मग पुन्हा मोजली. "म्हणजे भोपळा चिरायच्या कितीतरी आधीच..."

निघताना त्यांनी तो कागद हातात घेतला. "नेऊ का हा? जाऊबाई गावी असतात अजून."