निरीक्षणगृहातल्या नोकरीच्या मुलाखतीत 'हेच काम का?' असं विचारलं तर काय सांगावं?

परिवीक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देणारा आणि पुढे त्याच्यावर देखरेख ठेवणारा, म्हणून मी निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात तिथे) बरीच वर्षं काढली, पुढे मुलाखती घ्यायलाही बसलो. 'वाट चुकलेल्या मुलांना सुधारायचंय' असं उत्तर तुम्ही तयार केलंय म्हणता. ते आधी खोडा. निरीक्षणगृहातल्या मुलाची बाल न्याय मंडळापुढे चौकशी चालू असते, त्याने काही केलंय हे अजून ठरलेलंच नसतं. मग सुधारणार काय? अठरापर्यंतच्या मुलाचा गुन्हेगारी हेतू नव्हता असं धरून चालायचं, हे 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं पहिलंच तत्त्व आहे.

आमच्याकडे मोबाइलचोरीत एक मुलगा आला होता. मुलाच्या घरची-शाळेची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत मंडळाकडे द्यायचा असतो. तेव्हाचे अधीक्षक म्हणाले, "घरी कशाला जाताय? लिहा, वडील व्यसनी, आईचं लक्ष नाही, संगत वाईट. सगळ्यांचं तेच असतं."

मी गेलो. पत्र्याची खोली, आई भाजीची गाडी लावणारी. दाराआड पत्र्यावर खडूने उधारी मांडलेली: काकू 40, रिक्षावाले 25. फिटलेल्या नावावर आडवी रेघ. अक्षर पोराचं. आईला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तो आत आल्यापासून नवी ओळ नाही आणि गिऱ्हाइकं पैसे बुडवायला लागलेली. लक्ष नसलेलं घर असं दिसतं का? शाळेत कळलं, पहाटे मार्केट यार्डातून माल आणताना त्याचे पहिले तास बुडायचे, म्हणून नाव कमी करायचं चाललं होतं. दुपारच्या वर्गात घेऊ, असं मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलं आणि अहवालाला जोडलं. मंडळाने मुलाला आईच्या ताब्यात दिलं, देखरेख माझी.

अधीक्षक म्हणाले, "तुम्ही त्याचे वकील झालात." अजिबात नाही. चोरीच्या आरोपाबद्दल तो जे बोलला ते जसंच्या तसं अहवालात होतं. शेजारी त्याचं घरही होतं, एवढंच. ते घर टेबलावर बसून लिहिता येत नाही, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

तेव्हा फिल्डवर्कमध्ये स्वतः पाहिलेलं एखादं घर, एखादं मूल सांगा आणि 'मला घरभेटी करायच्यात, म्हणून हे काम हवंय' असं स्पष्ट म्हणा. 'मुलं अंगावर आली तर?' हेही विचारतील. तिथे काठीची भाषा केलेल्या कुणालाच मी गुण दिलेले नाहीत.

मुलाखत समितीत त्या अधीक्षकांच्या विचाराचं कुणी असेल तर हे उत्तर पटणार नाही. तरी हेच द्या. आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खुनासारखा आरोप असला की मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे तो गुन्हा करण्याची मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज किती ते पाहतं, प्रकरण बालक न्यायालयाकडेही जाऊ शकतं. तेवढा भाग वाचून जा. पद कंत्राटी असेल तर घरभेटींचा प्रवासखर्च वेगळा मिळतो का, ते रुजू होण्याआधी विचारून घ्या.