शाळेत युद्धांवरचे पत्त्यांचे खेळ वापरून इतिहास शिकवावा का?

शिकवावा, पण त्या खेळात मुलांना काहीतरी ठरवावं लागत असेल तरच. मी सातवीला इतिहास शिकवते. शिवाजी महाराजांनी मुघलांशी केलेल्या पुरंदरच्या तहावर स्वतः केलेले पत्ते वर्गात खेळवते, त्या अनुभवावरून सांगते.

ट्रम्प कार्डांसारखे पत्ते मला पटत नाहीत. या वीराची ताकद ९०, त्या किल्ल्याची ८५, हे गुण दिले कोणी? पुरंदर लढवताना कामी आलेल्या मुरारबाजींना किती देणार? मुलं तो आकडाच इतिहास समजून लक्षात ठेवतात.

माझे पत्ते ३५ आहेत, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले. प्रत्येकावर गडाचं नाव, तो कुठे आहे आणि आसपास काय आहे, एवढंच. लोहगड-विसापूरवर बोरघाट, कर्नाळ्यावर पनवेल, कोंढाण्यावर पुणे. मग परिस्थिती सांगते: १६६५ चा उन्हाळा. एप्रिलमध्ये पुरंदरला लागूनचा वज्रगड पडलाय, मुरारबाजी कामी आलेत, मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान या मुघल सरदारांच्या फौजा गावंच्या गावं जाळताहेत. ३५ पैकी १२ ठेवायचे, २३ द्यायचे. पुस्तकात हे एका ओळीत येतं, २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख, आणि मुलं ती ओळ पाठ करून मोकळी होतात. पत्ता हातातून सोडायची वेळ आली की मात्र भांडतात. कोंढाणा द्यायला कुठलाच गट तयार नसतो.

शेवटी खरी यादी फळ्यावर लावते. राजगड, तोरणा, रायगड, लिंगाणा राखले. कोंढाणा, लोहगड, माहुली आणि खुद्द पुरंदर गेले. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे दिलेला होता म्हणून तानाजी परत घ्यायला गेले?" तानाजी मालुसरे चौथीपासून सगळ्यांना ठाऊक असतात. पण ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र १६६५ च्या तहातून आली, हे त्याला तेव्हा दिसलं. पुढच्या तासाला दिलेले पत्ते सालाप्रमाणे परत हातात येतात. पुरंदर १६७० च्याच मार्चमध्ये येतो.

एक चूक तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी एका गटाला मुघल केलं. कोणी व्हायला तयार होईना, आणि दोन-तीन मुलांनी वर्गातल्या मुस्लिम मुलाकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. खेळ तिथेच थांबवला आणि समोर उभे असलेले मिर्झाराजे आमेरचे कछवाहा राजपूत होते, इथून पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून सगळे गट एकाच बाजूने बसतात.

पालक विचारतात, शाळेत पत्ते कशाला? त्यांना मी सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे जुन्या पारंपरिक पत्त्यांचं चित्र दाखवते. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते आपल्याच कोकणात हाताने रंगवले जातात. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात वर्णिलेल्या गंजिफात तर अश्वपती, गजपती, गडपती असे रंग आहेत, म्हणजे घोडदळ, हत्ती आणि किल्ले त्या काळीही पत्त्यांवर होते. जुगाराची शंका तरी त्यानंतर कोणी काढलेली नाही. पत्ते मुलांकडूनच करून घ्या आणि गड त्यांनाच नकाशावर शोधू द्या. माझ्या वर्गात अर्धी चर्चा तेव्हाच होऊन जाते.