पेशंट नकोत, पेशी हव्यात

ताई, सप्रेम नमस्कार.

डिचोलीहून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. लेक बारावी विज्ञानाला आहे, नीटमध्ये ती चांगले गुण काढेल असे शिक्षक सांगतात आणि घरच्यांचा डोळा गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, जागेवर आहे. पण फुप्फुसाच्या पेशींवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरांचे व्याख्यान ऐकल्यापासून ती 'मला पेशंट नकोत, पेशी हव्यात' म्हणून हटून बसली आहे. 'हे काम असते तरी कसले?' असे तुम्ही विचारले आहे. आधी तेच सांगते.

आपण दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. तिच्यासोबत धूळ, परागकण, जंतू येतातच. मोठ्या श्वासनळ्यांत चिकट द्राव त्यांना धरतो आणि पेशींवरचे सूक्ष्म केस तो द्राव घशाकडे ढकलत राहतात. त्यातूनही जे निसटून वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या इवल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोचते, ते तिथल्या भक्षकपेशी, म्हणजे मॅक्रोफेज, गिळून टाकतात. गंमत अशी की या पेशींनी बराच काळ गप्पच राहायचे असते. प्रत्येक कणावर दाह उसळला तर नाजूक वायुकोश सुजतील आणि श्वास घेणेच कठीण होईल. कधी लढायचे आणि कधी सोडून द्यायचे हे त्या कशा ठरवतात, यावर लोक अख्खी कारकीर्द घालवतात.

तुम्ही खाणपट्ट्यात राहता, म्हणून आणखी एक सांगते. सिलिकाचा बारीक कण भक्षकपेशी गिळते, पण तो तिला पचत नाही. ती मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. हे वर्षानुवर्षे चालले की फुप्फुसात व्रण साचत जातात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. तेव्हा लेकीचे खूळ तुम्हाला वाटते तितके हवेतले नाही.

रोजचे काम मात्र व्याख्यानासारखे रंगतदार नसते. श्वासनळीच्या पेशी एका पडद्यावर, खाली पोषक द्रव आणि वर हवा अशा वाढवाव्या लागतात. त्यांना केस फुटायला तीन-चार आठवडे जातात. मध्येच बुरशी लागली की सगळे फेकून पुन्हा पहिल्यापासून. हे ऐकूनही तिचा उत्साह टिकला, तर तिचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे.

आता वाट. एमबीबीएस करूनही संशोधनात जाता येते. शिकतानाच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन योजना आहे, आणि रुग्ण जवळून पाहिलेल्या संशोधकाचे प्रश्न वेगळेच असतात. पण नुसती डॉक्टरची पाटी लागावी म्हणून तिला साडेपाच वर्षे तिथे बसवू नका. इंटर्नशिप संपली की सगळे पीजीच्या तयारीला लागतात, त्या रेट्यात प्रयोगशाळा मागे पडते. दुसरी वाट आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांची: पुण्यासह सात ठिकाणी पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम, प्रवेश त्यांच्याच आयएटी या प्रवेशपरीक्षेतून. नाहीतर इथेच बीएस्सी, मग ताळगावला गोवा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाची एमएस्सी, हीही धड वाट आहे. या वाटेला कमी लेखू नका.

पुढे पीएचडी. तिला पाच-सहा वर्षे धरा, आणि तेव्हा बहुधा गोवा सोडावा लागेल. पेशींवर काम करणाऱ्या मोठ्या संशोधन संस्था बाहेर आहेत: पुण्याचे एनसीसीएस, बेंगळुरूचे एनसीबीएस, हैदराबादचे सीसीएमबी, दिल्लीचे आयजीआयबी. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. श्रीमंती नाही, पण पोरगी घरून पैसे मागणार नाही. पक्की नोकरी मात्र बहुतेकदा तिशी ओलांडल्यावरच, हे तिच्या बाबांना आत्ताच सांगून ठेवा.

यंदा तिला नीट आणि आयएटी दोन्ही देऊ द्या. अभ्यास बराचसा तोच आहे, अर्ज मात्र वेगळे भरावे लागतात. आयएटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात. गणित विषय नसला तरी परीक्षेला बसता येते, पण त्या प्रश्नांची तयारी वेगळी करावी लागेल. तिने अकरावीत गणित घेतले होते की सोडले, हे तुमच्या पत्रात नाही. तेवढे कळवा, म्हणजे उरलेल्या महिन्यांचे वेळापत्रक सुचवते.