निपाणीत केलेली वर्ड फाइल बेळगावच्या ऑफिसात उघडली की मराठी-कन्नड मजकूर का विस्कटतो?

दोन्ही कॉम्प्युटरांवर फॉन्ट वेगळे असतात म्हणून. दोन्हीकडे निर्मला यूआय हा एकच फॉन्ट ठरवा. विंडोज ८ पासून तो आपोआप येतो आणि त्यात देवनागरी-कन्नड दोन्ही लिप्या आहेत. मूळ फॉन्ट सापडला नाही की वर्ड परस्पर दुसरा लावतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि तक्ता पुढच्या पानावर जातो. बदल हाताने ओळीओळीला करू नका, ‘नॉर्मल’ स्टाइलमध्येच करा. इथे बहुतेक जण एका ठिकाणी फसतात: फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा फॉन्ट आणि आकार वेगळा असतो, आणि मराठी-कन्नड अक्षरं तोच पाळतात. लॅटिनच्या (इंग्रजी अक्षरांच्या) रकान्यात १२ केलं तरी मराठी ११ च राहू शकतं. हा भाग दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा. दुसऱ्याच्या फाइलमधला मजकूर आणताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने पेस्ट करा. मात्र मजकूर जुन्या नुडी (कन्नड) किंवा कृतिदेव (देवनागरी) फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर नुसता फॉन्ट बदलून भलतीच अक्षरं उमटतील. आधी कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदला, मग जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. सही-शिक्क्याची प्रत पीडीएफच पाठवा.