सेंद्रिय संत्रा बागेत मातीचा सामू (pH) 8.3 आला, शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या. सामू कमी करायला काय टाकावं?

सामू उतरवायच्या नादी लागू नका. चुनखडीच्या काळ्या मातीत 8.3 नेहमीचाच. हिशेब करून पाहा. एकरभराची वरची अर्धा फूट माती भरते साधारण 900 टन. तिच्यात पाच टक्के चुना धरला तरी झाला 45 टन, आणि तो मारायला 14 टनांवर गंधक लागेल. दोन पोत्यांत सामू खाली आणून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला हा आकडा ऐकवा.

शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांत, असं तुम्ही लिहिलंय. ही लोहाची कमतरता. लोह मातीत भरपूर आहे, चुन्यामुळे मुळांच्या हाती लागत नाही.

यावरूनच माझं आणि मोठ्या चुलतभावाचं बोलणं बंद पडलं होतं. वरुडकडे आमच्या बागा, मधात फक्त धुरा, म्हणजे बांध. गावात सेंद्रिय शेती दादानंच आणली, शेण-गोमूत्राचं जीवामृत मी त्याच्याकडूनच शिकलो, तो मान आहेच. पण पिवळ्या पानावर त्याचं एकच औषध: पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची राख. उन्हाळा आला की आळ्यात घमेल्यानं राख. राखेत पुन्हा चुनाच! मी बोललो तर म्हणे, "तू मले शेती शिकवतं काय? बुढ्यानं जिनगीभर राखच टाकली." आजोबा राख टाकत होते ती परसातल्या वांग्यावर, किडीसाठी.

शेवटी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवलं, थोडं लिंबू पिळलं, पोराचा चित्रकलेचा ब्रश घेतला आणि दादाच्याच झाडाच्या धुऱ्याकडच्या फांदीवर पिवळ्या पानांची एकेक बाजू रंगवली. खूण म्हणून सुतळी बांधली. आठवड्याभरानं रंगवलेली बाजू हिरवी, दुसरी तशीच पिवळी. दादानं पान तोडलं, उन्हात धरलं, म्हणाला, "रंग लावला अशीन." मग थुंकी लावून अंगठ्यानं घासलं. हिरवं काही निघालं नाही. तरी "सल्फेट म्हणजे रासायनिकच" हे त्याचं टुमणं आजही सुरू आहे.

माझं मत स्पष्ट आहे. झाड उपाशी ठेवून सेंद्रिय म्हणवून घेण्यात काही पुण्य नाही. नव्या पालवीवर 10 लिटरला 50 ग्रॅम फेरस सल्फेट फवारा, ऊन उतरल्यावर. ते नुसतं जमिनीत टाकाल तर चुना त्याचा गंज करून टाकेल. द्यायचंच असेल तर कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. शेणखत, गांडूळखत दरवर्षी पडू द्या, मुळाजवळ त्याचाच आधार. आणि आळ्यात पाणी साचू देऊ नका. चुनखडीत ओल कोंडली की बायकार्बोनेट वाढतं, लोह आणखी अडकतं, शिवाय खोडातून डिंक गळायचा रोग, डिंक्या, येतो तो वेगळाच. बोअरचं पाणीही तपासून घ्या.

जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर वरचं काहीच लागू नाही, तो बहुतेक नत्राचा प्रश्न. पानं बारीक, अरुंद राहून ठिपकेदार पिवळी होत असतील तर जस्त पाहा. जिप्समचं म्हणाल तर ते पूर्णेच्या खारपाणपट्ट्यासारख्या सोडियमच्या जमिनीसाठी, चुनखडीवर त्याचा उपयोग नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर फवारणीआधी संस्थेला लेखी विचारा. कमतरतेचा अहवाल जोडला तर मर्यादित परवानगी मिळते. आणि आधी एकाच झाडावर फवारून पाहा, कोवळी पालवी कधीकधी करपते.

अहवालात मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर त्या तुकड्यात नवी संत्रा लावूच नका. दादानं यंदा तशाच तुकड्यात कलमं लावलीत. मी त्याला तोंडावर सांगितलंय, तूर पेर.