'मेक अप फॉर'ला मराठीत काय म्हणावे?

इंदूरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, 'हिज हार्ड वर्क मेड अप फॉर हिज लॅक ऑफ टॅलेंट' हे वाक्य मुलांना मराठीत लिहायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी 'त्याच्या मेहनतीने प्रतिभेच्या कमीसाठी भरपाई केली' असे लिहिले. एकेक शब्द ओळखीचा असूनही वाक्य मराठी का वाटत नाही, आणि 'मेक अप फॉर'ला नेमका शब्द कोणता, हा त्यांचा प्रश्न.

सर्व ठिकाणी चालेल असा एक शब्द नाही. उणे काय पडले आहे, यावर तो ठरतो. तरी सर्वांत जवळचा प्रयोग 'भरून काढणे' हाच होय, आणि मुलांचे वाक्यही त्यानेच दुरुस्त होते: 'बुद्धीत जे कमी होते ते त्याने मेहनतीने भरून काढले.' इंग्रजीत मेहनत हीच कर्ता होऊन बसते. मराठीत कर्तेपण माणसाकडे ठेवावे आणि मेहनतीला साधनाची तृतीया द्यावी, म्हणजे वाक्य आपोआप सरळ होते. 'साठी' तर मुळीच नको, कारण जे उणे आहे तेच मराठीत भरण्याचे कर्म असते.

'कमीसाठी' या रूपात आणखी एक अडचण आहे. मराठीत 'कमी' हे विशेषण आहे: मीठ कमी आहे, पैसे कमी पडले. हिंदीत मात्र ते स्त्रीलिंगी नाम आहे, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे आपण सगळेच हिंदीच्या कुशीत वाढलेले असल्यामुळे 'त्याची कमी पूर्ण केली' असे सहज बोलून जातो. मराठीला इथे 'उणीव' किंवा 'कमतरता' हवी. (अर्थात 'तुझी कमी जाणवते' हे हल्ली पुण्या-मुंबईतही ऐकू येते, त्यामुळे हा दोष एकट्या इंदूरकरांच्या माथी मारण्याचे कारण नाही.)

भरायचे असताना 'काढणे' कशाला, अशी शंका काहींना येते. इथे 'काढणे' हे सहायक क्रियापद असून काम कसून शेवटाला नेल्याचा अर्थ ते देते. धुऊन काढणे, पिंजून काढणे, झोडपून काढणे यांतही तेच आहे. त्याची अकर्मक जोडी 'भरून निघणे', आणि ती विसरल्यानेच पुष्कळ भाषांतरे अवघडतात. 'नथिंग कॅन मेक अप फॉर द लॉस' याला 'काहीही या हानीची भरपाई करू शकत नाही' असे लिहिण्यापेक्षा 'ही हानी कशानेही भरून निघणार नाही' असे म्हणणे किती मोकळे आहे! वेळेच्या बाबतीतही हीच जोडी चालते: सुट्टीचा खाडा रविवारी भरून काढतात, आणि अवंतिका एक्स्प्रेस उशिरा सुटली तरी तो उशीर रतलामपर्यंत भरून निघेल, अशी आपण आशा करतो. त्या वेळी फलाटावर 'गाडी मेकअप करेल' असेही ऐकू येते. ते बोलण्यात असू द्यावे, लिहिण्यात नको.

'भरपाई' मुख्यतः पैशाच्या नुकसानीला शोभते. 'भर' आणि 'पावणे' यांतून बनलेला हा शब्द मुळात पूर्ण रक्कम मिळाल्याच्या कबुलीचा होता, आणि जुन्या खरेदीखतांतले 'सदर रक्कम रोख भरून पावलो' हे वाक्य त्याच घराण्यातले. म्हणजे घेणाऱ्याच्या तोंडचा शब्द पुढे देणाऱ्याच्या कृतीला लागला. 'तुमचे उपकार नकोत, भरून पावलो' असे आपण चिडून म्हणतो, तेव्हा तो जुना अर्थ उपरोधाने जिवंत असतो.

'कसर' हा अरबीतून आलेला शब्द. तिकडे त्याचा अर्थ मोडणे, तसाच अपूर्णांक. पूर्णाला जेवढे थोडे कमी, तेवढी कसर; म्हणून मोठ्या हानीला तो लावू नये. पोहे फिके झाले, तर आपल्याकडे वरून पेरलेली शेव आणि जिरावण हा इंदुरी मसाला ती कसर भरून काढतात. इथे शेव कर्ता झाली तरी कानाला खटकत नाही, तेव्हा वर सांगितलेला कर्त्याचा नियम फार ताणू नये. मात्र हिंदीतल्या 'कसर निकालना'मध्ये मनातला राग बाहेर काढण्याची छटा आहे; ती मराठीत आणू नये, कारण तिच्यासाठी आपल्याकडे 'उट्टे काढणे' आणि 'वचपा काढणे' आहेतच.

'वचपा' आणि 'भरून काढणे' यांतला फरक क्रिकेटमधून चांगला कळतो. रणजी करंडकाच्या १९४४-४५च्या अंतिम सामन्यात मुंबईने इंदूरच्या होळकर संघाला ३७४ धावांनी हरवले. होळकरांकडून खेळलेले इंग्लंडचे फलंदाज डेनिस कॉम्प्टन यांच्या नाबाद २४९ धावांनीही ती तूट भरून निघाली नाही. पुढच्याच मोसमात होळकर संघाने बडोद्याला हरवून करंडक जिंकला. हुकलेला करंडक त्याने असा भरून काढला, पण याला वचपा म्हणता येणार नाही, कारण समोर मुंबई नव्हती. वचपा निघाला तो १९४७-४८मध्ये, अंतिम सामन्यात खुद्द मुंबईला हरवल्यावर.

नुसत्या 'मेक अप'चे कल्पित गोष्ट रचणे, भांडण मिटवणे हे अर्थ निराळे आहेत. त्यांचा इथे संबंध नाही. 'आय विल मेक इट अप टू यू' मात्र याच कुळातले आणि सर्वांत अवघड. 'मी तुला भरून देईन' म्हटले तर पैशांचा व्यवहार वाटतो, आणि 'परिमार्जन' हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. अशा वेळी मराठी माणूस क्रियापद शोधत नाही, काय करणार तेच सांगतो. बारशाला येता न आलेली मावशी म्हणते, "तेव्हा राहून गेलं गं, आता मुंजीला चार दिवस आधीच येते, आणि चकल्या मीच करणार." या वाक्याचे इंग्रजी करायला सांगितले, तर मुलांना 'मेक इट अप टू' कुठे वापरायचे ते कळेल.