आधी निरीक्षणाची यादी, मग स्लाइड

प्रिय,

नवजात बाळांसाठी आशाताई ज्या गृहभेटी देतात, त्यांवरचं तुझं प्रशिक्षणाचं मॉड्यूल वाचलं. चित्रं नेमकी आहेत, भाषा सोपी आहे. अडलं ते पहिल्याच ओळीत: ‘आशांना न्यूमोनियाच्या लक्षणांची माहिती होईल.’ माहिती झाली, हे तुला दिसणार कुठे?

त्याऐवजी असं लिहून बघ: ‘बाळ शांत असताना, घड्याळ समोर धरून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजेल. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजेल. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्तच आले तर लगेच दवाखान्यात पाठवेल.’ हे डोळ्यांना दिसतं, म्हणून तपासता येतं. चुका कुठे होतील तेही यातून कळतं. कुणी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतं, पण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, त्यामुळे हिशेब चुकतो. कुणी रडत्या बाळाचे मोजतं, तर कुणी छाती वर गेली की एक आणि खाली आली की दोन धरतं.

मॉड्यूल या चुकांभोवती बांध. न्यूमोनिया म्हणजे काय, यावरच्या बहुतेक स्लाइड काढून टाक (वाईट वाटेल, मेहनत दिसते आहे). वेगवेगळ्या बाळांचे व्हिडिओ दाखव, प्रत्येकीला मोजून आकडा लिहू दे, मगच बरोबर उत्तर सांग. चुकलं तर तोच व्हिडिओ पुन्हा. सरावाला वेळ जातो आणि आयोजकांना तेवढ्या वेळात आणखी दोन विषय घालायचे असतात. तिथे भांडायचं.

पोस्ट-टेस्टबद्दल. शिबिर संपता संपता घेतलेल्या चाचणीत सगळे पास होतात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा न बघता आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले. म्हणजे त्याच दिवशीचे गुण बघून आपण नेमकी चुकीची पद्धत निवडू शकतो. खरी चाचणी काही आठवड्यांनी घे, तीही बाळंतिणीच्या घरी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताई तिथे जातातच. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांबरोबर जा, कोपऱ्यात बस, मध्ये बोलू नकोस. बाळ धोक्यात दिसलं तर मात्र निरीक्षण गेलं खड्ड्यात.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या तुला पाठ असतील: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. बहुतेक अहवाल पहिलीवरच थांबतात: शिबिर आवडलं, जेवण चांगलं होतं. तू तिसरीपर्यंत पोच. तिथे असंही दिसेल की ताईला सगळं येतं, पण थर्मामीटर बंद आहे. त्यावर मॉड्यूल हा उपाय नाही. अहवालात तसं स्पष्ट लिही, मग ‘रिफ्रेशर’चं, म्हणजे उजळणी शिबिराचं, काम हातचं गेलं तरी चालेल.

चौथ्या पातळीचा दावा जपून कर. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते म्हणता आलं, कारण हे काम झालेल्या ३९ गावांच्या तुलनेला ते न झालेली ४७ गावं होती. शिवाय प्रशिक्षणाच्या जोडीला औषधं होती आणि कामावर सतत देखरेख होती. तुझ्याकडे एक तालुका आहे आणि तुलनेला काहीच नाही. वर्षभरातले मृत्यू कमी झाले तरी श्रेय मॉड्यूलला देऊ नकोस. ‘इतक्या आशांनी पूर्ण मिनिट मोजलं’ एवढं प्रामाणिकपणे सांगता आलं तरी पुष्कळ.

पुढच्या खेपेला स्लाइड नकोत. गृहभेटीत काय बघशील त्याची एका पानाची यादी पाठव, आणि चार-पाच ताईंना कच्चे व्हिडिओ दाखवून त्यांनी लिहिलेले आकडेही. रंगसंगतीचं नंतर बघू.